आप्पांच्या खांद्यावरची बंदूक

बंदूक पलंगावर आडवी ठेवली तर दोन्ही बाजूंनी बाहेर यायची, म्हणून आप्पांनी ती जेवणाच्या टेबलावर ठेवायला लावली आणि सगळ्यांना बोलावून घेतलं. जेवण मात्र ठेवलं नव्हतं. त्यावरूनच त्यांच्या लेकीनं, धाकटीनं, ओळखलं की प्रकरण साधं नाही.

"बसा," आप्पा म्हणाले आणि स्वतः उभे राहिले. आयुष्यभर गणित शिकवल्यामुळे त्यांना बसून बोलणं जमत नसे, आणि उंची बेताचीच असल्यामुळे उभं राहून फारसा फरकही पडत नसे.

दादानं नळीचं तोंड कुठे आहे ते बघितलं, खुर्ची उलट्या टोकाला ओढली आणि मगच बसला. तो विमा कंपनीत होता. कुठल्या घराला आग लागू शकते, कुठला जिना माणसाला खाली पाडू शकतो, हे शोधण्याचा त्याला पगार मिळायचा, आणि घरी आल्यावर तो हेच काम फुकट करायचा. वहिनी त्याच्याशेजारी बसली. लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे मोकळे करणं हा तिचा व्यवसाय. तिच्या हाताखाली आलेला माणूस आधी बोंबलायचा आणि मग आभार मानायचा. सर्वांत शेवटी वरच्या मजल्यावरून आत्या उतरली. आप्पांची ही धाकटी बहीण. अर्ध्या गावाला गाडी चालवायला हिनंच शिकवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी समोरच्याच्या हातात स्टिअरिंग आहे असं धरूनच ती बोलायची.

"टेबलाला चरे पडतील," ती म्हणाली. "खाली काहीतरी घाल."

"पुढच्या महिन्यात संग्रहालयाची माणसं येणार," आप्पांनी सुरुवात केली. "नळीत पोलादाचा तुकडा ठोकून ती कायमची बंद करणार आणि मग काचेत ठेवणार. कायदाच तसा आहे. त्याआधी ती एकदा उडायला हवी. आणि मी उडवणार."

बंदूक आजोबांची. नळी एवढी रुंद की धाकटीचा अंगठा आत गोल फिरायचा. आजोबा पाणथळीत होडी घालून रानबदकं मारायचे आणि बाजारात विकायचे. या बंदुकीच्या एका बारात आख्खा थवा खाली येत असे. गुणाकार शिकवताना आप्पा वर्गात हेच उदाहरण द्यायचे, आणि दर वर्षी थव्यातली बदकं वाढत जायची.

"तुम्ही याआधी उडवलीय ना, आप्पा?" धाकटीनं विचारलं.

"नाही," आप्पा म्हणाले. "बाबांनी मला हातच लावू दिला नाही. पुसायलासुद्धा नाही."

हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. धाकटी दातांची डॉक्टर होती. दुखत नाही म्हणणाऱ्या माणसाचं नेमकं कुठे दुखतंय हे ओळखायची तिला सवय होती. ती तिथल्या तिथे आप्पांच्या बाजूची झाली.

दादा अर्थातच विरोधात गेला. जुनी नळी फुटू शकते, धक्क्यानं खांदा निखळू शकतो, पडून मांडीचं हाड मोडू शकतं, आणि यातलं काहीही झालं तर कुठलीही कंपनी एक पैसा देणार नाही, असं त्यानं क्रमवार सांगितलं. वहिनीनं मान डोलावली, पण ती कोणत्या मुद्द्याला डोलावली ते कळलं नाही. मग सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. भर रहदारीत शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून सफरचंद खाणारी बाई ती. आप्पांना साथ मिळणार हे सगळे गृहीत धरून बसले होते.

"नको," आत्या म्हणाली.

"का?"

"नको म्हटलं ना. गंजलीय. राहू दे." आणि ती कुणाकडे न बघता वर निघून गेली.

आप्पा तिच्या पाठीकडे बघत राहिले. "हिला काय झालं?" ते म्हणाले.

धाकटीनं पर्समधून दात तपासायचा छोटा आरसा आणि टॉर्च काढला, खुर्चीवर चढली आणि नळीत डोकावली. "कीड लागलीय," ती म्हणाली. "पण मूळ शाबूत आहे."

*

मिस्त्रीचं दुकान बाजारामागच्या गल्लीत, कुलूपवाला आणि सायकलवाला यांच्या मधे होतं. सरकारी परवाना असलेला गावातला तो एकटाच बंदुका दुरुस्त करणारा, आणि वाईट बातमी सांगण्यात त्याला मनापासून आनंद व्हायचा. त्यानं बंदूक शिकंज्यात अडकवली, सगळ्या बाजूंनी फिरून बघितली आणि प्रसन्न चेहऱ्यानं सुस्कारा सोडला.

"दस्त्याला तडा आहे. घोडा गंजून बसलाय. चाप ओढला तर परत येत नाही. नळी बिजागरीत खुळखुळतेय. ही बंदूक नाही बाई, हा अपघात आहे. अजून झालेला नाही, एवढंच."

"दुरुस्त होईल का?"

"होईल की," तो जरा हिरमुसून म्हणाला. "नळी चांगली आहे."

धाकटी रोज दवाखाना बंद करून घरी जाताना दुकानात डोकवायला लागली. मिस्त्रीनं घोडा तेलात बुडवून ठेवला होता. मग तो मोकळा झाला. दस्त्याच्या तड्यात सरस भरून पट्ट्या आवळल्या, बिजागरीचा खिळा नवा घडवला, नळीतला गंज दिवसेंदिवस घासून काढला. एकदा घासताना हात पोचेना तेव्हा धाकटीनं आपल्या दवाखान्यातला ब्रश आणून दिला. मिस्त्री त्यावर इतका खूश झाला की त्या दिवशी त्याला एकही वाईट बातमी सुचेना. हळूहळू काळ्याखालून तपकिरी पोलाद दिसायला लागलं, त्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. आप्पा एकदा बघायला आले आणि टोपी काढून उभे राहिले.

"बंदूक होईल," मिस्त्री त्यांच्या कानाशी ओरडला, कारण आप्पांना कमी ऐकू यायचं. "पण काडतूस कुठून आणणार? एवढ्या तोंडाचं काडतूस बनवणारे कारखाने बंद पडून जमाना झाला."

"तुम्ही बनवा."

"दारू भरेन, छर्रे भरेन, पण पितळी डबी तर पाहिजे ना. नवी डबी घडवायला लेथ लागतो, लेथवाला लागतो, त्याला परवाना लागतो. तोवर संग्रहालय येऊन जाईल."

मग शोध सुरू झाला. धाकटीनं दवाखान्यातल्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला विचारलं. तोंड उघडं असल्यामुळे कुणाला नीट उत्तर देता येईना. एका नाटकवाल्यानं आणून दिलेली काडतुसं लाकडी निघाली, वर सोनेरी रंग. एका शेजाऱ्यानं खात्रीनं आणलेली डबी फुलदाणी निघाली. दादाला हे ऐकून बरं वाटायचं. वहिनी त्याच्यासमोर त्याच्या हो ला हो करायची आणि दर संध्याकाळी आप्पांची विचारपूस करायला खालच्या खोलीत जाऊन बराच वेळ दार लावून बसायची.

शेवटी मिस्त्रीलाच आठवलं. "पूर्वी तुमच्या आजोबांबरोबर होडीत एक जण जायचा. जमीनमोजणी खात्यात होता. त्याला जुन्या काडतुसांचा नाद आहे म्हणतात."

ही गोष्ट कळल्यावर आप्पा हसायला लागले. "मोजणीदार? अगं, त्यानं तुझ्या आत्याला मागणी घातली होती. तेव्हाच दोघांचा बार उडवून टाकला असता तर आज काडतुसं घरातच असती."

"मग का नाही उडवला?"

"तिला विचार. मला सांगेल तर शपथ."

*

मोजणीदार एका इमारतीच्या तळमजल्यावर राहायचे. उंच, वाकलेले, बोलताना प्रत्येक शब्द आधी जमिनीवर ठेवून मग उचलल्यासारखे बोलायचे. बैठकीतल्या काचेच्या कपाटात काडतुसं उंचीनं लावलेली होती, आणि सर्वांत खाली, एकटी, तीन जाड पितळी काडतुसं उभी होती. धाकटीला बघताच कळलं.

"तुझ्या आजोबांनी दिलेली आहेत," मोजणीदार म्हणाले. "मी देईनही. पण तुझ्या आत्यानं स्वतः येऊन मागायला हवीत."

"ती येणार नाही. ती तर विरोधातच आहे."

"विरोधात?" त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "तिनं कसा विरोध केला? तिच्याइतकी ती बंदूक कुणाला माहीत आहे? बार उडताना डावीकडे खेचते, हे तिनंच तर पहिल्यांदा ओळखलं. तुझ्या आजोबांनासुद्धा..."

धाकटीचा चेहरा बघून ते थांबले. मग उठले आणि कपाटाची काच, जी आधीच लख्ख होती, ती पुसायला लागले.

"चहा घेणार?" ते काचेला म्हणाले.

धाकटीनं चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी आत्याला बाजारात जायचं होतं, तेव्हा ती आपणहून गाडीत शेजारी बसली. आत्या मुख्य चौकाकडे वळेपर्यंत ती थांबली, कारण चौकात आत्याला गाडी सोडून जाता येणार नव्हतं.

"आत्या, ती बंदूक डावीकडे खेचते का?"

आत्यानं ब्रेक दाबला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. एरवी हॉर्न वाजवणाऱ्याचा उद्धार करणाऱ्या आत्यानं आरशातसुद्धा बघितलं नाही.

"बोललाच तो," ती म्हणाली.

तेवढ्यात दिवा लाल झाला. आत्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघतच सांगितलं. एका हिवाळ्यात आजोबांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. बदकं म्हणजे नुसते ठिपके दिसायचे. आप्पा तेव्हा परगावी शिकायला होते. घर बंदुकीवर चालायचं. मग आजोबांनी होडी वल्हवायची आणि हिनं नेम धरायचा. तेव्हा ती शाळेतली पोरगी होती, पण हाडापेरानं मजबूत. तो हिवाळा आणि पुढचे बरेच हिवाळे. मोजणीदार कधीमधी होडीत असायचे, त्यांना सगळं दिसायचं.

"आणि आप्पांना कधीच नाही सांगितलंस?"

"बाबांनी शब्द घेतला होता. आता ती उडवायची म्हटलं की कोण कसं उभं राहायचं, कुठे झुकायचं, सगळे प्रश्न येणार. मला खोटं बोलता येत नाही. म्हणून नको म्हटलं." दिवा हिरवा झाला. "त्याला सांगू नकोस. आयुष्यभर बाबांनी हात लावू दिला नाही म्हणून कुढत आलाय तो. त्याला कळलं ना, तर..."

"मोजणीदारांना का नाही म्हणालीस?"

"ते वेगळं. मी म्हटलं होतं, आधी गाडी मागे घ्यायला शीक, मग बघू. त्याला आजतागायत येत नाही."

*

धाकटीनं तोंडाला कुलूप लावलं. पण मोजणीदारांना वाट बघणं जमलं नाही. रविवारी दुपारी सगळे आप्पांकडे बसले असताना ते स्वतःच आले. अंगात इस्त्री केलेला कोट, हातात पत्र्याचा डबा. धाकटी त्यांना दारातच अडवायला उठली, पण आप्पा पुढे झाले आणि त्यांना हाताला धरून आत घेऊन गेले.

डबा उघडला. तिन्ही काडतुसं कापसात झोपलेली होती. आप्पांनी एक उचलून तळहातावर ठेवलं. मोजणीदार पुढे सरकले. आप्पांना कमी ऐकू येतं हे कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, म्हणून ते शेजारच्या घरापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "तुमच्या बाबांनी ही मला दिली तेव्हा म्हणाले होते, माझी पोरगी आता बार काढत नाही, तर ही ठेवून काय करू?"

वहिनीच्या हातातला कप बशीवर वाजला. आत्यानं डोळे मिटले.

"कोण पोरगी?" आप्पांनी विचारलं.

मोजणीदारांना आता कळलं, पण फार उशिरा. त्यांनी आत्याकडे बघितलं, धाकटीकडे बघितलं, आणि दरवाजा किती लांब आहे याचा मनातल्या मनात अंदाज घेतला.

"मी," आत्या म्हणाली. "मीच उडवत होते."

आप्पांनी काडतूस परत कापसात ठेवलं. अगदी हळू, जणू ते झोपेतून उठेल. "मला वाटायचं, बाबांचा कुणावरच विश्वास नाही," ते म्हणाले. "त्यात वाईट काही नव्हतं. सगळ्यांना सारखं माप. आता कळलं, फक्त माझ्यावर नव्हता." त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि तो आत्याच्या पुढ्यात सरकवला. "बंदूक तुझी आहे. तूच उडव."

ते खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आला. त्या कडीला कित्येक वर्षांत कुणी हात लावला नव्हता.

आत्या उठली, दारापर्यंत गेली, दार ठोठावायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. मग ती परत खुर्चीत येऊन बसली. तिला असं हातपाय गाळून बसलेलं धाकटीनं कधी बघितलं नव्हतं. मोजणीदार पुटपुटले की मी निघतो, आणि वहिनी म्हणाली की आता तुम्ही कुठे जाताय, बसा, चहा घ्या. ते शिक्षा झाल्यासारखे बसले.

आणि मग ज्याची कुणालाच अपेक्षा नव्हती ते झालं. दादा उठला, दारापाशी गेला आणि दाराला तोंड लावून मोठ्यानं म्हणाला, "आप्पा, मी दादा."

त्यानं दारावर टकटक केली.

"आप्पा, लोकांना काय काय होऊ शकतं ते सांगायचं माझं काम आहे. बंदूक उडवली तर काय होऊ शकतं ते मी तुम्हाला सांगितलं. नाही उडवली तर काय होईल, ते मी आत्ता तुमच्या चेहऱ्यावर बघितलं. हा धोका मोठा आहे. मी दोन्ही तोलून बघितलेत. तुम्ही उडवा."

मग आतून आवाज आला, "माझा खांदा झेपेल का, ते आधी तिला विचार."

"कुणाला?"

"तुझ्या बायकोला. रोज व्यायाम घेते ती माझा. कालपासून उशीला दोरी बांधून खांद्यावर आपटतेय."

दादा सावकाश वळला. वहिनी मोजणीदारांना साखर विचारत होती.

"म्हणजे इतके दिवस मी विरोध करत होतो आणि तू माझ्यासमोर मान हलवून..."

"तुझा विरोध मनापासून होता," वहिनी म्हणाली. "मी कशाला मधे येऊ? आणि खांदा झेपेल. फक्त पाठीमागून कुणीतरी आधार द्यायला हवा. मजबूत माणूस लागेल."

सगळे मजबूत माणसाच्या विचारात पडले. आत्याकडे बघायचं मात्र सगळ्यांनी टाळलं.

*

परवानगीचे कागद दादानं करून आणले. त्याच्याइतका या कामाला लायक माणूस नव्हता, कारण अधिकारी जे जे प्रश्न विचारणार होता ते त्यानं आधीच घरी सगळ्यांना विचारले होते. मिस्त्रीनं काडतुसांमधली जुनी दारू काढून टाकली आणि नवी, बेतानं, भरली. आप्पा आणि आत्या एकमेकांशी बोलत होते, पण फक्त मीठ, किल्ली आणि वर्तमानपत्र एवढंच.

ठरलेल्या सकाळी सगळे पाणथळीच्या काठावर जमले. धुकं विरत होतं. मोजणीदार सर्वांत उशिरा आले, कारण त्यांना गाडी मागे घ्यावी लागू नये म्हणून ते आख्ख्या बंधाऱ्याला वळसा घालून आले होते. मिस्त्रीनं आधी बंदूक एका मोठ्या टायरला बांधली, चापाला लांब दोरी लावली, सगळ्यांना मातीच्या ढिगाऱ्यामागे बसवलं आणि दोरी ओढली. जमीन हलली. टायर उडून डबक्यात पडला. मिस्त्रीनं बंदूक सोडवून नळी पुसली आणि बारकाईनं तपासली.

"काही झालं नाही," तो खिन्नपणे म्हणाला.

मग आप्पा पुढे झाले. खांद्यावर वहिनीनं शिवलेली जाड गादी, कानांवर मिस्त्रीनं दिलेली झाकणं. बंदूक त्यांच्यापेक्षा उंच होती. दादानं नळीखाली लाकडी टेकण ठोकून दिलं होतं. आप्पांनी दस्ता खांद्याला लावला, रिकाम्या पाण्याच्या दिशेनं नेम धरला आणि चाप ओढला.

खट्. एवढंच.

"हलू नका," मिस्त्री ओरडला. "नळी तशीच धरा. कधी कधी उशिरानं पेटतं. मी सांगेपर्यंत खाली करायची नाही."

आप्पा तसेच उभे राहिले. टेकण ओल्या मातीत हळूहळू खचायला लागलं आणि सगळं वजन त्यांच्या हातावर आलं. नळी पाण्याकडे झुकायला लागली. दादा पुढे धावणार होता, पण त्याच्या आधी आत्या पोचली होती. ती आप्पांच्या पाठीला छाती लावून उभी राहिली आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी हात घालून तिनं नळी उचलून धरली.

"डावा पाय पुढे," ती त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली. "गुडघा सैल सोड. ताठ काय उभा राहतोस?"

"मला कुणी शिकवलं नाही," आप्पा म्हणाले.

"आता शिकवतेय ना."

"तेव्हा काय म्हणाले होते बाबा? मला का नाही?"

"तुझ्या कानांवरचं काढ आधी."

"मिस्त्री म्हणतो काढायचं नाही."

म्हणून आत्याला ओरडावं लागलं, आणि तिनं इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते पाणथळीवरच्या सगळ्यांनी ऐकलं. "ते म्हणाले, त्याला मास्तर व्हायचंय. उजवा खांदा गेला तर फळ्यावर लिहिणार कसा? म्हणून तुला हात लावू दिला नाही. आणि तुला सांगितलं तर तू हट्टानं लावशील, म्हणून माझा शब्द घेऊन मला गप्प केलं."

आप्पांनी डावा पाय पुढे घेतला. गुडघा सैल सोडला.

"माझा खांदा गेला तर चालणार होता," आत्या ओरडली. "दोनदा निखळला. मी तुला कळवलं, सायकलवरून पडले. तू पत्रात लिहिलं होतंस, जपून चालवत जा."

धाकटीच्या शेजारी उभ्या असलेल्या मोजणीदारांनी रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला. डोळ्यांवरचा न काढताच.

"झालं, उघडा," मिस्त्री म्हणाला. त्यानं फुसकं काडतूस काढून बादलीतल्या पाण्यात टाकलं आणि शेवटचं आत सरकवलं. "आता हे. यानंतर नाही."

आत्या बाजूला व्हायला लागली.

"थांब," आप्पा म्हणाले. "कुठे चाललीस? डावीकडे खेचते म्हणतात."

"खेचते."

"मग किती धरू?"

"त्या लव्हाळ्याच्या उजव्या हाताला. अजून. अजून थोडं. बस. आता श्वास सोड. चाप झटकू नकोस, क्लच सोडतोस तसा सोड."

"मला गाडी कुठे येते?"

"तेही खरं. मग फळ्यावर खडूनं रेघ ओढतोस तशी ओढ. सलग."

आप्पांनी सलग ओढली.

तो आवाज धाकटीनं पायांनी ऐकला. पांढऱ्या धुराचा लोट उठला, पाण्यावर दूरवर छर्‍यांचा पाऊस सांडला, आणि लव्हाळ्यांतून, पलीकडच्या बेटातून, कुठून कुठून शेकडो पाखरं एकदम वर आली. एकालाही काही लागलं नव्हतं. त्यांचा कलकलाट बराच वेळ आभाळात गोल फिरत राहिला. धूर विरला तेव्हा बंदूक टेकणावर तिरकी पडली होती आणि तिच्यामागे चिखलात, एकावर एक, भाऊबहीण बसले होते.

धाकटी धावली. वहिनीनं तिचा दंड धरला. "थांब," ती म्हणाली. "दोघंही हात हलवताहेत. म्हणजे हाडं ठीक आहेत. बसू दे जरा."

आप्पांनी कानांवरची झाकणं काढली. गादी सरकून पोटावर आली होती. ते आभाळातल्या पाखरांकडे तोंड वर करून बघत होते, आणि आत्यासुद्धा.

"तुला काय व्हायचं होतं?" आप्पांनी विचारलं.

"कधी?"

"तेव्हा. मला मास्तर व्हायचं होतं. तुला?"

आत्यानं गालावरचा चिखल मनगटानं पुसला आणि तो आणखी पसरला. "कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "त्यामुळे मीही कधी ठरवलं नाही. आता असं एकदम कसं सांगू?"

"विचार कर मग. सावकाश सांग. मी इथेच आहे."

"इथे, चिखलात?"

"घाई काय आहे?"

"घाई नाही रे," आत्या म्हणाली. "पण तू माझ्या पायावर बसलायस."